मदत हवी आहे: ऑग्सबर्ग ते ग्रीस, एकटीने बाइकवर. उजवी आवळ वळणं, पडलेली बाइक आणि अल्बेनियाची सीमा

नमस्कार मंडळी,

मी मूळची साताऱ्याची, गेली 11 वर्षं जर्मनीत ऑग्सबर्गला राहते. वय 44. सप्टेंबरमध्ये 18 दिवसांची रजा मंजूर झाली आहे आणि होंडा सीबी 500 एक्स घेऊन एकटीने ग्रीसपर्यंत जायचं ठरवलं आहे. तयारी बरीचशी झाली आहे, पण तीन गोष्टींवर अडले आहे. युरोपात बाइक चालवणारे काही जण इथे आहेत हे जुन्या धाग्यांवरून माहीत आहे, म्हणून विचारते.

आधी मार्ग सांगते. ऑस्ट्रियात ग्रोसग्लोकनरचा घाटरस्ता, तिथून लीएंत्स, मग स्लोव्हेनियातला व्र्शिच घाट आणि सोचा नदीचं खोरं. पुढे रिएकापासून क्रोएशियाचा समुद्रकाठ धरून सेन्य, झादार, स्प्लिट, दुब्रोव्निक. मग मॉन्टेनेग्रोत कोटोरचं आखात, अल्बेनियात श्कोडर आणि जिरोकास्तर, ग्रीसमध्ये यानिना आणि मेतेओरा. येताना इगुमेनित्साहून रात्रीच्या फेरीबोटीने इटलीत अँकोना, आणि तिथून रेशेन खिंडीवरून घरी. बोट सोडून साधारण साडेतीन हजार किलोमीटर होतात. दिवसाला अडीचशेच्या वर जायचं नाही, आणि मधे चार दिवस बाइकला हातही लावायचा नाही, असं ठरवलं आहे.

आता पहिला प्रश्न, आणि खरं तर हाच सगळ्यात मोठा.

माझी उंची 5 फूट 2 इंच. सीट 830 मिलिमीटर आहे, खाली करून घेतली तरी दोन्ही पाय एकदम टेकत नाहीत, चवडे टेकतात. पेट्रोल भरून बाइक 200 किलोच्या आसपास, वर सामान. मे महिन्यात बाड हिंडेलांगहून ओबरयोखला चढणाऱ्या घाटात एका उजव्या आवळ (हेअरपिनसारख्या घट्ट) वळणावर पुढचा सायकलवाला अचानक मंदावला. मी ब्रेक दाबला, उजवा पाय खाली टाकला, आणि तिथे जमीनच नव्हती. वळणाची आतली बाजू उतरती असते, पाय पोचेपर्यंत बाइक कलली आणि सावकाश आडवी झाली. मला लागलं नाही. मागून आलेल्या दोघांनी बाइक उचलून दिली. पण ते दोघे आले नसते तर? हा विचार तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

त्यानंतर बसून विचार केला तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. मी गाडी शिकले ती पसरणी घाटात, वाई-पाचगणी करत. आपल्याकडे डावीकडून चालवतो, त्यामुळे आवळ वळण ते डावं, आणि उजवं वळण ऐसपैस. कित्येक वर्षं शरीराला तीच सवय. इथे बरोबर उलट आहे. डावी वळणं मी आजही न घाबरता घेते. उजवं आलं की खांदे ताठ होतात आणि नजर पुढच्या चाकाशी जाऊन बसते. इथलं ए वर्गाचं लायसन्स काढताना महामार्गाचे, रात्रीचे, गावाबाहेरचे सगळे सक्तीचे तास झाले, परीक्षा पहिल्या फटक्यात पास झाले, पण ऑग्सबर्गच्या आसपास घाटच नाहीत, त्यामुळे हे कधी उघडं पडलं नाही.

आणि माझ्या वाटेवर काय आहे? ग्रोसग्लोकनरला 48 किलोमीटरमध्ये 36 आवळ वळणं, त्यावरची होखटोर खिंड 2,504 मीटरवर. व्र्शिचला 50 वळणं, आणि क्रान्स्का गोराच्या बाजूची वळणं दगडी फरसबंदीची. पहिल्या महायुद्धात रशियन युद्धकैद्यांकडून बांधून घेतलेला रस्ता आहे तो. मार्च 1916 च्या हिमस्खलनात त्यांतले कितीतरी गाडले गेले, त्यांच्या आठवणीचं लाकडी चॅपेल वाटेवरच आहे. तिथे थांबायचं माझ्या फार मनात आहे, त्यामुळे तो घाट सहजासहजी सोडवत नाही.

तर उजव्या वळणांचा सराव कसा करावा? आणि माझ्या उंचीच्या कोणी भरलेली बाइक एकटीने उचलली आहे का? व्हिडिओ पुष्कळ पाहिले, पण त्यात सपाट मैदान असतं.

दुसरा प्रश्न अल्बेनियाचा. माझा पासपोर्ट भारतीय, जर्मनीचा कायम वास्तव्याचा परवाना आहे. नियमाप्रमाणे मॉन्टेनेग्रो आणि अल्बेनियाला वेगळा व्हिसा लागत नाही. पण भारतीय पासपोर्टवर, स्वतःची बाइक घेऊन, हानी इ होतितला किंवा उल्त्सिनजवळच्या सुकोबिन-मुरिकानला कोणी सीमा ओलांडली आहे का? कागद काय काय पाहिले?

तिसरा, वाऱ्याचा. सेन्य ते झादार या पट्ट्यात वेलेबित डोंगरावरून समुद्राकडे कोसळणारा ‘बुरा’ वारा रस्ता बंद पाडतो असं वाचलं. सप्टेंबरात कितपत धास्ती बाळगावी?

एक विनंती. “एकटी कशाला जातेस” हे घरून ऐकून झालं आहे आणि त्यामागची काळजी मला कळते. आईला रोज मुक्कामी पोचल्यावर फोन करणार, लाइव्ह लोकेशन भावाकडे चालू राहणार. जायचं की नाही हा प्रश्न आता उरलेला नाही.

*

प्रतिसाद:

ताई, मी 5 फूट 1 इंच आहे आणि माझी बाइक तुमच्यापेक्षा जड आहे, म्हणून खात्रीने लिहिते. बाइक उजवीकडे पडली तर उचलण्याआधी साइड स्टँड उघडा. हे विसरलात तर उभी केलेली बाइक डावीकडे पुन्हा पडेल. इंजिन बंद, गियर पहिल्यात, म्हणजे उतारावर घरंगळणार नाही. पॅनियर (बाजूच्या सामानाच्या पेट्या) काढता येत असतील तर काढा. हँडल जमिनीकडच्या बाजूला पूर्ण वळवा. मग बाइककडे पाठ करा, कंबर सीटच्या कडेला लावा, एका हातात खालची हँडलची मूठ, दुसऱ्या हातात मागची फ्रेम किंवा कॅरियरचा दांडा. पाठ सरळ ठेवून गुडघ्यांतून जोर लावा आणि छोटी छोटी पावलं टाकत मागे सरका. हातांनी ओढायची नाही, मांड्यांनी ढकलायची. घाटात बाइकचं तोंड उताराकडे असेल तर आधी गाड्या थांबवा, घाई करू नका.

हे घरी करून बघा. जुनी गादी पसरून तिच्यावर बाइक आडवी करा आणि दहा वेळा उचला. एकदा जमलं की पोटातली भीती जाते, आणि ती गेली की वळणंही सुधारतात. माझं तसंच झालं.

वळणाबद्दल: उजव्या वळणात मध्यरेषेजवळून शिरा, आतली कड लवकर धरू नका. दुसरा गियर, गरज पडली तर पहिला, क्लच अर्धा, पाय हलका मागच्या ब्रेकवर. नजर वळणाच्या पलीकडच्या रस्त्यावर, म्हणजे मान अक्षरशः उजव्या खांद्यावरून वळली पाहिजे. आणि पुढे सायकल किंवा बस दिसली तर वळणाच्या आधी सरळ रस्त्यात थांबा, तिला जाऊ द्या. तुमची चूक तेवढीच होती. थांबावंच लागलं तर डावा पाय टेका, बाहेरची बाजू उंच असते.

सरावाला केसलबर्ग घाट जवळ आहे, पण शनिवार-रविवारी तिथे बाइकना चढाला बंदी असते. मधल्या वारी जा.

*

प्रतिसाद:

अल्बेनियाबद्दल. मी मागच्या वर्षी भारतीय पासपोर्टवर हानी इ होतितहून गेलो. पासपोर्ट, वास्तव्याचा परवाना, बाइकचं नोंदणीपत्र आणि ग्रीन कार्ड (बाइकचा विमा परदेशात चालतो याचा दाखला), एवढंच पाहिलं. अर्धा तास रांगेत गेला तेवढाच. विमा कंपनीकडून ग्रीन कार्ड मागवून घ्या आणि त्यावर अल्बेनियाची एएल ही अक्षरं खोडलेली नाहीत ना ते बघा. खोडलेली असतील तर सीमेवर वेगळा विमा घ्यावा लागतो. बाइक बंद पडली तर मदत देणारी पॉलिसी हे वेगळं प्रकरण आहे, ती अल्बेनियात चालते का हे लेखी विचारा. मोबाइलचं युरोपीय रोमिंग तिथे गृहीत धरू नका, श्कोडरमध्ये सिम घ्या. आणि ऑस्ट्रियात बाइकवरही प्रथमोपचाराची पेटी सक्तीची आहे.

बुराबद्दल: वेलेबितच्या माथ्यावर पांढऱ्या ढगाची टोपी बसलेली दिसली आणि वर आकाश निळं असलं तरी सावध व्हा. वाऱ्याचा जोर वाढला की सर्वांत आधी बाइक आणि कॅरव्हॅन थांबवतात. सप्टेंबरात हिवाळ्याइतका नसतो, पण येतो. ओतोचाच-गोस्पिच-ग्राचाच असा आतला रस्ता हाताशी ठेवा आणि त्या पट्ट्यात एक दिवस राखीव ठेवा. पुढे दुब्रोव्निककडे जाताना पेल्येशात्सचा पूल घ्या. 2022 मध्ये तो झाल्यापासून बॉस्नियाच्या नेउमची पट्टी ओलांडावी लागत नाही.

व्र्शिच पावसात करू नका. ओली फरसबंदी आणि आवळ वळण एकत्र नको. पाऊस असेल तर तार्विझिओहून प्रेदिल खिंडीने बोवेत्सला उतरा.

*

धागाकर्ती:

दोघांचेही मनापासून आभार. “वळणाच्या आधी थांबा” हे इतकं सरळ असूनही मला कोणी सांगितलं नव्हतं. डावा पाय टेकण्याचंही. व्र्शिचच्या दिवशी पाऊस असला तर प्रेदिलने उतरेन, आणि चॅपेलसाठी दुसऱ्या दिवशी बोवेत्सहून वर चढेन. ती बाजू डांबरी आहे, पण चॅपेल माथ्यापलीकडे क्रान्स्का गोराच्या बाजूला आहे, तेव्हा फरसबंदीची काही वळणं कोरडं असतानाच उतरेन.

काल संध्याकाळी अंगणात गादी टाकून बाइक उजवीकडे आडवी केली. पहिले तीन प्रयत्न फसले, मी हातांनी ओढत होते. चौथ्याला कंबर नीट लागली आणि उभी राहिली. एकूण सहा वेळा उचलली, आज मांड्या भरून आल्या आहेत. रविवारी पॅनियर लावून, गॅरेजच्या उतारावर करून बघणार आहे.

ग्रीन कार्डासाठी विमा कंपनीला पत्र गेलं आहे. मुरिकानच्या बाजूने गेलेलं कोणी असेल तर तेवढा अनुभव अजून हवा आहे.