संगीताच्या जागा भाड्यामुळे मरतात हे अर्धंच खरं

ब्लू फ्रॉग हा मुंबईतला लाइव्ह संगीताचा क्लब बंद झाला तो भाड्यामुळे, आणि मुंबईतल्या गाण्याबजावण्याच्या छोट्या जागा भाड्यामुळेच मरतात, असं बरेच जण म्हणतात. भाड्याचं पटतं, पण धोबी तलावच्या रंगभवनाला, त्या खुल्या नाट्यगृहाला, कुठलं आलंय भाडं? सरकारी जागा. जॅझ यात्रा हा जॅझचा महोत्सव तिथे झाला, आय-रॉक हा रॉकचा महोत्सवही तिथेच झाला. पण २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम आले, इस्पितळ, कॉलेज, कोर्टाभोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्र ठरले, आणि शेजारी तर झेवियर्स कॉलेज! संपला विषय. रात्री दहानंतर उघड्यावर स्पीकर बंद. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सूट मिळते, ती गणपती-नवरात्रासारख्या सणांतच खर्ची पडते (त्याबद्दल तक्रार नाही, मीही नाचतो).

उरल्या बंदिस्त जागा. अंधेरीत एका तळघरात आम्ही वाजवायचो. भिंतींना गाद्या ठोकलेल्या, तरी बास सुरू झाला की वरच्या सोसायटीचा वॉचमन खाली हजर. मालक काउंटरवरून हातानेच ‘कमी, कमी’ करायचा, मग ड्रमर काठ्या ठेवून हळू वाजवायचे तारांचे ब्रश काढायचा. रॉकला ब्रश! ध्वनिरोधक काम नीट करायचं तर खर्च मोठा, आणि अकरा महिन्यांच्या करारावर तो कोण करणार?