मदत हवी आहे: भिवापूरकडची पांदण, फोर बाय फोर असून गाडी फसते

पांदणवाला: शेतावर जायची पांदण आहे, सकाळी कोरडी असली की गाडी मस्त निघते, दुपारी एक सर आली की परतताना फसलीच समजा, चाकं नुसती जागेवर फिरतात. शनिवारी मामाजींना न्यायचंय, ते आत्ताच म्हणून रायले की बंडी बरी. लवकर सांगा.

डिझेलभाऊ: गाडी कोणती? टायर कोणते? माती काळी की मुरमाड? काहीच सांगत नाही अन् लवकर सांगा म्हणे.

पांदणवाला: थार, डिझेल. माती काळीच असणार न बावा, भिवापूर म्हटलं न.

जिप्सीप्रेमी: मड टायर (चिखलासाठीचे, खोल खाचांचे) टाक, विषय संपला. आमची जुनी जिप्सी असल्या चिखलात कधी अडली नाही.

डिझेलभाऊ: विषय कायले संपते? काळी माती ओली झाली की टायरच्या खाचांत गच्च बसते, मग मड टायरही गुळगुळीत. टायरची हवा वीस पीएसआयच्या आसपास उतरव, फोर एल (चारही चाकांना ताकद, हळू पण जोरदार), दुसरा गिअर, अन् अॅक्सिलरेटर एकसारखा ठेव. मधेच थांबला की गेला. डांबरी लागली की टू एच (मागच्या दोनच चाकांना ताकद) कर अन् हवा भर, सोबत पंप ठेव.

जिप्सीप्रेमी: वीसवर रिमवरून टायर निघते.

डिझेलभाऊ: जोरात वळवलं तर निघते. पांदणीत कोण जोरात वळवते?

वाघोबा४०: उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य पावसाळ्यात बंद असते, उगाच जंगलात घुसू नका.

पांदणवाला: जंगल कुठून आलं? शेत आहे माझं. आणि मधे नाला पण आहे, तो सांगायचा राहिला.

डिझेलभाऊ: काऊन बे, मेन गोष्ट आत्ता सांगतो?

मिरचीताई: शेतात भिवापुरी मिरची आहे का? असली तर तोड्याच्या वेळी दोन किलो ठेवा, नागपुरात बर्डीवर त्या नावाने काय काय विकतात देव जाणे.

पांदणवाला: ताई सोयाबीन आहे. नाल्याचं सांगा कोणीतरी.

उमरेडकर: आधी काठी घेऊन पायी उतर. तळ कडक असून पाणी चाकाच्या अर्ध्याच्या खाली असलं तरच गाडी घाल, फोर एलमध्ये, हळू. तुमच्याकडे ऊन असलं तरी वर पाऊस झाला की नाला भरते, पाणी गढूळ होऊन काडीकचरा वाहायला लागला की समजायचं. मामाजी सोबत आहेत तर गाडी अलीकडेच ठेव, अन् ट्रॅक्टरवाल्याला आदल्या दिवशीच सांगून ठेव, शनिवारी तो बाजारात असते.