डेव्हिड परतला, पण मोठ्या जेफचे काय?

मूळ मत, जुळे सोलापूर

रविवारी आमच्या सोसायटीतल्या मुलांना १९८६ चा ‘फ्लाइट ऑफ द नॅव्हिगेटर’ हा चित्रपट दाखवला. १९७८ साली १२ वर्षांचा डेव्हिड रानातल्या घळीत पडून बेशुद्ध होतो आणि शुद्धीवर येतो तेव्हा १९८६ उजाडलेले असते. त्याचे वय तेवढेच, पण ८ वर्षांचा धाकटा भाऊ जेफ आता १६ वर्षांचा. मधल्या काळात परग्रहावरच्या एका बोलक्या यानाने त्याला प्रचंड वेगाने दूर नेऊन परत आणलेले असते. शेवटी डेव्हिड त्याच यानातून १९७८ मध्ये परततो आणि सारे पूर्ववत होते. मला हा शेवट अन्यायकारक वाटतो. यानाला घर सापडावे म्हणून जो छपरावर चढून फटाके उडवतो, त्या मोठ्या जेफची ८ वर्षे चित्रपट सरळ पुसून टाकतो. गड्ड्याच्या यात्रेतले शोभेचे दारूकाम पाहत वाढलेल्या आमच्या मुलांनी शेवटच्या आतषबाजीला टाळ्या वाजवल्या. माझे मन मात्र त्या छपरावरच अडकले होते.

प्रतिसाद, होटगी रोड

मी सहमत नाही. ती ८ वर्षे म्हणजे पोटचे मूल बेपत्ता झालेल्या आईवडिलांची वर्षे आहेत. ती पुसली गेली तर दुःख कशाचे? शिवाय उलट्या प्रवासात माणसाचे शरीर टिकेलच असे नाही, हे यानाने आधीच बजावलेले असते. तरीही घराभोवती त्याला पकडायला आलेली नासाची माणसे पाहून डेव्हिड जीव पणाला लावतो. याहून मोठी घरची ओढ कोणती?

प्रतिसाद, सात रस्ता (विज्ञान शिक्षक)

प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास जाणाऱ्याचा काळ संथ चालतो, हे आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये मांडले आणि १९७१ मध्ये विमानांतून आण्विक घड्याळे फिरवून तो सूक्ष्म फरक मोजलाही गेला. त्यामुळे डेव्हिडचे वय न वाढणे पटते. मात्र या वाटेने पुढेच जाता येते, मागे नाही. शेवट गोड करण्यासाठी कथेने तिथे शास्त्राचा हात सोडला, आणि मुलांना हे सांगितलेच पाहिजे.

मूळ मत मांडणारी

शास्त्राचे मान्य, आणि आईवडिलांचे दुःख टळले याचा आनंद मलाही आहेच. पण जेफ १६ वर्षांचा होईपर्यंत केवळ दुःखच जगला काय?

प्रतिसाद, होटगी रोड

शेवटचा प्रसंग पुन्हा पाहावा. डेव्हिडच्या पिशवीतून डोकावणारा परग्रहावरचा चिमुकला प्राणी एकट्या जेफला दिसतो आणि डेव्हिड त्याला गप्प राहण्याची खूण करतो. सुरुवातीला ज्याच्याशी सतत भांडण, तोच आता गुपिताचा वाटेकरी. मोठ्या जेफचे ऋण डेव्हिड असे फेडतो.

मूळ मत मांडणारी

ती परतफेड धाकट्या जेफला मिळते. ज्याने फटाके उडवले, त्याच्या वाट्याला चित्रपटाने निदान एक वाक्य तरी द्यायला हवे होते.