माल्डीत लेझर वाढवला की पीईजीचा मास खाली का येतो?

रसायनी_पोर: पीईजी २००० (पॉलिएथिलीन ग्लायकॉल, सरासरी मास २००० च्या आसपास) चं माल्डी-टॉफ करतेय, म्हणजे लेझरने साखळ्यांचे आयन उडवून त्यांचा मास मोजतेय. मॅट्रिक्स (सॅम्पलमध्ये मिसळायचा, लेझर शोषणारा पदार्थ) डायथ्रॅनॉल. सिग्नल दिसेना म्हणून लेझर वाढवला तर पीक्स आले खरे पण रुंद झाले आणि अ‍ॅव्हरेज मास खाली सरकला, सॅम्पल तर तेच, मग खरं कुठलं धरू?

लॅबकर: लेझर जास्त झाला की साखळ्या तुटतात, बेसलाइन चढते, रिझोल्यूशन जातं. थ्रेशोल्डच्या, म्हणजे सिग्नल जेमतेम दिसू लागतो त्याच्या, जरासा वर ठेव, बस. साखळ्यांचे आयन व्हायला सोडियमचं सॉल्ट घालतेस ना? पीक्स ४४ च्या (साखळीतल्या एका कडीचा मास) अंतराने यायला हवेत, १६ ने पुढे दुसरी रांग दिसली तर बहुतेक सोडियमऐवजी पोटॅशियम चिकटलंय, घाबरू नकोस.

जुना_खोड: डिटेक्टरही बघा. मॅट्रिक्सच्या हलक्या आयनांनीच तो भरला की जड साखळ्या कमी दिसतात, ते आयन डिफ्लेक्ट करा. बाकी डिस्पर्सिटी (साखळ्यांचे मास किती पसरलेत त्याचं माप) १.२ च्या वर असेल तर माल्डीच्या अ‍ॅव्हरेजवर माझा तरी भरवसा नाही, आधी जीपीसीने (साखळ्या आकारानुसार वेगळ्या करणारी क्रोमॅटोग्राफी) फ्रॅक्शन्स पाडून घ्या.