पोलिसाच्या चुकीने माणूस गेला, तर नुसतं 'लाइन अटॅच'? (इंदूर)

रामबाग_इंदूर
नमस्कार मंडळी, इंदूरचं कोणी असेल तर प्लीज पूर्ण वाचा. माझा मावसभाऊ, 23 वर्षांचा, दोन आठवड्यांपूर्वी रात्री कामावरून स्कूटरने घरी येत होता, चौकात चेकिंग चालू होती, हेल्मेट नव्हतं हे आम्ही पहिल्या दिवसापासून मान्य करतोय, तो थांबत होता की निघून जात होता यावर दोन मतं आहेत, पण एका आरक्षकाने (कॉन्स्टेबलने) चालत्या गाडीचं हँडल धरून ओढलं हे पानटपरीवरच्या दोघांनी पाहिलंय. डोकं डिव्हायडरवर आपटलं. पहाटे पाचला गेला.

ठाण्यात मर्ग (अकस्मात मृत्यूची नोंद) कायम झालाय. कागदावर लिहिलंय "चालक अनियंत्रित होकर गिरा". मावशीने ती ओळ माझ्याकडून तीनदा वाचून घेतली आणि विचारलं, अरे पण हँडल कोणी धरलं ते कुठेय यात? आरक्षकाला लाइन अटॅच केलंय. टीआय साहेब (ठाण्याचे इन्चार्ज इन्स्पेक्टर) नीट बोलले, चहा पाजला, म्हणाले "जानबूझकर थोड़ी किया है". मलाही नाही वाटत त्याने मुद्दाम केलं. पण ट्रकवाला तरी कुठे मुद्दाम करतो, त्याच्यावर केस होतेच ना? मग इथे चूक झाली म्हटलं की संपलं? मावशी पैशाचं काही बोलत नाहीये, तिला ते वाक्य बदलून हवंय.

जेलरोड_वकील
फार वाईट झालं हो. मी इथेच प्रॅक्टिस करतो म्हणून सरळ कामाचं सांगतो. लाइन अटॅच म्हणजे शिक्षा नाही, माणसाची जागा बदलली एवढंच, सस्पेन्शनसुद्धा नाही. हलगर्जीपणाने मृत्यू हा गुन्हा पोलिसालाही तेवढाच लागतो, आधी आयपीसी 304-अ होतं, जास्तीत जास्त दोन वर्षं, 1 जुलै 2024 पासून बीएनएस (भारतीय न्याय संहिता) 106, पाच वर्षांपर्यंत. आणि मर्ग म्हणजे एफआयआर नव्हे! मृत्यू कसा झाला याची ती चौकशी, बरीच प्रकरणं तिथेच पडून राहतात. लेखी तक्रार द्या, पोच घ्या, ठाण्यात घेतली नाही तर रजिस्टर पोस्टाने डीसीपींना, म्हणजे पोलीस उपायुक्तांना (डिसेंबर 2021 पासून इंदूरला कमिशनर सिस्टिम आहे), तिथेही हललं नाही तर मॅजिस्ट्रेट. ड्यूटीवरच्या माणसाविरुद्ध तक्रार असली की मॅजिस्ट्रेट आधी वरिष्ठांचा रिपोर्ट मागवतो, त्याने घाबरू नका.

"परवानगीशिवाय पोलिसावर केस होत नाही" हे कोणीतरी ऐकवणारच. परवानगीची अट मुळात ज्यांना सरकारशिवाय कोणी नोकरीतून काढू शकत नाही अशांसाठी आहे, आणि नव्या कायद्यात सरकारने 120 दिवसांत उत्तर दिलं नाही तर परवानगी मिळाली असंच धरतात.

पण हे सगळं नंतर. आज संध्याकाळी आधी चौकातल्या दुकानांत जा आणि कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग मागा. डीव्हीआरवर जुनं पुसलं जाऊन नवं चढत असतं. रेकॉर्डिंग एक वर्ष तरी ठेवायचं हा सुप्रीम कोर्टाचा 2020 चा आदेश ठाण्यातल्या कॅमेऱ्यांसाठी आहे, दुकानांसाठी नाही, लोक इथेच फसतात. आणि स्कूटर सुटली तरी रिपेअर करू नका.

बियाबानी_ताई
माझे बाबा प्रधान आरक्षक म्हणून रिटायर झाले, म्हणून लिहायचं की नाही असा विचार करत होते. दादा, हँडल धरायला कोणीच शिकवत नाही आणि कोणीच मना पण करत नाही, चलानचा आकडा मात्र रोज रात्री विचारतात, चौदा-चौदा तास उभं राहून. हे सगळं खरं असलं तरी तुमचा भाऊ गेला हे पण खरंच आहे. तक्रारीत त्या रात्री चेकिंगचा इन्चार्ज कोण होता तेही विचारा, नाहीतर सगळं त्या एका पोरावर ढकलून वरचे मोकळे होतील.

बाबा कनॉट प्लेसचं नेहमी सांगायचे. 1997, दिल्ली, गँगस्टर समजून पोलिसांनी कारवर गोळ्या झाडल्या, दोन व्यापारी गेले. चूक तिथेच कबूल करायची होती, तर आतून आधी गोळी आली असं दाखवायला गाडीत पिस्तूल ठेवलं! 2007 मध्ये एसीपीसकट दहा जणांना जन्मठेप झाली, 2011 ला सुप्रीम कोर्टानेही कायम ठेवली. बाबा म्हणायचे, चुकलं तर रोजनामच्यात (ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीत) तसंच लिहा, कागदावर खोटं उतरलं की ती चूक राहत नाही. तुमच्या कागदावरचं ते "अनियंत्रित" वाचलं आणि मला हेच आठवलं.

सुदामानगर_काका
हेल्मेट नव्हतं म्हणून गप्प बसू नका. त्याचा दंड असतो, पावती फाडायची, गाडीचा नंबर लिहून घरी नोटीस पाठवायची. 2018 मध्ये तिरुचीजवळ असंच चेकिंगला न थांबलेल्या बाइकला इन्स्पेक्टरने पाठलाग करून लाथ मारली होती, मागे बसलेली बाई गेली, इन्स्पेक्टरला अटक झाली.

मावशींना निलाबती बेहेरांचं जरूर सांगा. ओडिशाची बाई, 22 वर्षांचा मुलगा पोलीस घेऊन गेले, दुसऱ्या दिवशी रेल्वेच्या रुळांवर सापडला, पोलीस म्हणाले पळाला आणि ट्रेनखाली आला. तिने सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं, साधं पत्र, तीच याचिका धरली आणि 1993 मध्ये राज्याला दीड लाख भरपाई द्यायला लावली. तो कस्टडीचा मामला होता, तुमचा वेगळा आहे, पण आईच्या पत्राला किंमत असते. भोपाळला मानवाधिकार आयोगाकडेही अर्ज टाका, घटनेपासून एक वर्षाच्या आतच घेतात.

रामबाग_इंदूर
सगळ्यांचे खूप आभार. काल रात्रीच गेलो होतो. मेडिकलवाल्याचं पुसलं गेलंय, मोबाइलच्या दुकानात त्या रात्रीचं अजून आहे, चौकाचा अर्धाच कोपरा दिसतो पण स्कूटर पडताना दिसते, पेनड्राइव्हवर घेतलं. टपरीवाल्या दोघांपैकी एक जबाब द्यायला तयार आहे, दुसरा म्हणतो रोज इथेच धंदा करायचाय, त्याला मी जास्त आग्रह केला नाही. ताई, इन्चार्जचा मुद्दा अर्जात टाकलाय. पहिली ओळ मावशीने सांगितली, मी हिंदीत उतरवली, "मेरे बेटे की चलती गाड़ी का हैंडल पकड़कर खींचा गया". सोमवारी देतोय. वकील साहेब, पीएम (पोस्टमॉर्टेम) रिपोर्टची नक्कल आम्हाला ठाण्यातूनच मिळेल का, की वेगळा अर्ज करावा लागतो?