मदत हवी आहे: गाडी मागून बसलीय, स्प्रिंग गेली की शॉकअप?

नमस्कार मंडळी,

रत्नागिरीत असतो. २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, लाखाच्या पुढे चाललेली, नंतर बाहेरून सीएनजी बसवून घेतलेली. मागची बाजू बसलीय; तिघं मागे बसले की गतिरोधकावर पोट घासतंच. वेगात उंचवटा लागला की मागचा भाग वर, खाली, परत वर. शिवाय पुढच्या डाव्या चाकाकडून खडखड येते, आणि गंमत म्हणजे मोठ्या खड्ड्यात नाही, पेव्हर ब्लॉकवर हळू चालवताना.

गॅरेजवाल्याने गाडी वर न उचलताच सांगितलं, "चारही शॉकअप गेलेत, बदलून टाका." खर्चाला ना नाही, पण चारही बदलून गाडी बसलेलीच राहिली तर? पुढे बॉनेट दाबून सोडलं तर एकदाच वर येऊन थांबतं, मागे दोन-तीनदा हलतं. मागच्या टायरवर हात फिरवला तर लाटा लागतात. एकाने स्प्रिंगच्या वेटोळ्यांत रबरी बफर टाकायला सांगितलंय. टाकू का?

पानापकड:
गाडीचं वजन स्प्रिंग पेलते. शॉकअप फक्त तिचं नाचणं थांबवतो. गाडी बसली म्हणून शॉकअप बदलणं म्हणजे ताप आला म्हणून चष्मा बदलणं. तुमच्या गाडीत मागे दोन्ही गेलेत असं दिसतंय. उसळी आणि टायरच्या लाटा शॉकअपच्या खात्यात, बसणं स्प्रिंगच्या. सीएनजीची पोलादी टाकी म्हणजे मागे एक माणूस कायमचा बसलेला, आणि मूळ स्प्रिंग काही त्या हिशेबाने केलेली नसते.

आधी मोजा. सपाट जागा, डिकी रिकामी. चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर घ्या, म्हणजे टायरमधल्या हवेचा घोळ नको. डाव्या-उजव्यात ठळक फरक असेल तर एक स्प्रिंग तुटलेली असू शकते. किनाऱ्यावरच्या गाड्यांत सगळ्यात खालचं वेटोळं बशीत बसतं तिथे चिखल साचतो, रंग उडतो, गंज धरतो आणि एक दिवस तुकडा पडतो. टॉर्च मारून बघा.

आणि हो, दाबून बघायच्या चाचणीत नापास म्हणजे शॉकअप नक्की गेला, पण पास म्हणजे चांगला असं नाही. हाताने दाबताना हालचाल फार संथ असते, रस्त्यावरचा झटका वेगळा.

घाटमाथा:
पुढची खडखड शॉकअपची वाटत नाही. बारीक खडबडीवर आवाज म्हटलं की आधी लिंक रॉड (गाडीचा कल आवरणाऱ्या आडव्या दांड्याला चाकाकडे जोडणारी छोटी दांडी), मग लोअर आर्मचा बुश (चाकाला खालून धरणाऱ्या आर्मचा रबरी सांधा). चाकं जमिनीवर ठेवूनच लिंक रॉड पकडून हलवा, ढिला असेल तर कट्‌कट् हाताला कळते. जागच्या जागी स्टेअरिंग पूर्ण वळवताना 'टण्' होत असेल तर मात्र स्ट्रटच्या (म्हणजे पुढच्या स्प्रिंग-शॉकअपच्या जोडाच्या) वरच्या माउंटचं बेअरिंग.

रबरी बफर नको. बफर असतो तिथली वेटोळी काम करत नाहीत आणि सगळा ताण बाकीच्यांवर येतो.

धागाकर्ता:
मोजलं. मागे दोन्हीकडे सारखंच, पण शेजाऱ्यांच्या याच मॉडेलच्या बिनसीएनजी गाडीपेक्षा ३ सेमी कमी. उजव्या मागच्या शॉकअपवर तेलाचा ओघळ आहे. डावा लिंक रॉड हलतोय. मागच्या स्प्रिंग आणि शॉकअप, पुढे लिंक रॉड, एवढंच करू ना? स्प्रिंग जाड घ्यायची का?

पानापकड:
एवढंच करा. मागचं सगळं जोडीने बदला, एका बाजूला नवं आणि दुसऱ्या बाजूला जुनं ठेवू नका. याच मॉडेलची कंपनीची सीएनजी आवृत्ती असेल तर तिच्या मागच्या स्प्रिंगचा पार्ट नंबर काउंटरवर विचारा आणि तो तुमच्यापेक्षा वेगळा निघाला तर तीच घ्या. जाड म्हणून कुठलीही उचललीत तर रिकाम्या गाडीत कंबर मोडेल. बंप स्टॉप (शॉकअप पूर्ण दबला की धक्का झेलणारा ठोकळा), डस्ट कव्हर त्याच वेळी टाकून घ्या.

फिटरला एक बजावून सांगा: शॉकअपच्या बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी राहिल्यावर शेवटचे आवळायचे. चाकं लटकत असताना आवळले तर बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. आणि लाटा पडलेले ते टायर नव्या शॉकअपनंतरही घूं घूं करतच राहणार, तेव्हा त्या आवाजापायी कुणी व्हील बेअरिंग बदलायला सांगितलं तर आधी टायर पुढे-मागे करून आवाज जागा बदलतो का ते बघा.