दक्षिणेपुरतं नव्हतं ते

अमेरिकेत वर्णद्वेषाचं भांडण दक्षिणेतल्या राज्यांचं, उत्तर तशी उदारमतवादी, असं म्हटलं जातं. अर्धंच खरं आहे. १९७२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत रिपब्लिकन निक्सनने ४९ राज्यं खिशात घातली तेव्हा उदारमतवादी डेमोक्रॅट मॅकगव्हर्नच्या पाठीशी उभं राहिलेलं एकमेव राज्य उत्तरेतलं मॅसॅच्युसेट्स. आणि दोनच वर्षांनी त्याच राज्याच्या राजधानीत, बॉस्टनमध्ये, काळ्या मुलांच्या स्कूलबसवर दगड पडत होते.

जून १९७४ मध्ये न्यायाधीश गॅरिटी यांनी निकाल दिला: शहराच्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्कूल कमिटीने जाणूनबुजून गोऱ्या-काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवल्यात, आता बसने मुलांची अदलाबदल करा. साउथ बॉस्टन हा आयरिश कामगारवस्तीचा भाग आणि रॉक्सबरी ही काळ्यांची वस्ती, यांची जोडी लावली. दोन्हीकडे गरिबीच! शाळा सुरू व्हायच्या तोंडावर मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर टेड केनेडी सभेत समजवायला गेले, तर त्यांच्याच आयरिश मतदारांनी टोमॅटो, अंडी फेकत त्यांना पिटाळलं. ते ज्या सरकारी इमारतीत शिरले, तिची काच लोकांनी फोडली. इमारतीला नाव त्यांच्याच भावाचं, जॉन एफ. केनेडींचं.

म्हणून सगळा दोष साउथ बॉस्टनच्या माथी मारणं मला पटत नाही. दगडफेकीचं समर्थन अजिबात नाही, पण त्याच वर्षी जुलैमध्ये सुप्रीम कोर्टाने डेट्रॉइटच्या खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी शहराबाहेरच्या गोऱ्या उपनगरांना अशा योजनेतून जवळजवळ मोकळं केलं होतं. खुद्द गॅरिटी राहायचे वेलस्ली या सधन उपनगरात. तिथल्या मुलांना या आदेशाची झळ लागली नाही.